पाळूच्या खाली कोण राहते?

केज तालुक्यात सप्टेंबर उजाडला की सर्वांच्या तोंडी एकच नाव असते, ते म्हणजे मांजरा धरण. धनेगावला पाणी किती टक्के झाले, दारे केव्हा उघडणार, याची चर्चा एस.टी. स्टँडपासून चहाच्या टपरीपर्यंत चालते. ते स्वाभाविकच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात याच धरणाने तळ गाठला आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे पाचच वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, 'गुलाब' चक्रीवादळाच्या पावसाने ते इतके भरले की त्याची सर्व १८ दारे उघडावी लागली. नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या बनमी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. दुष्काळ आणि महापूर या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच धरणाने दाखविल्या आहेत.

परंतु वाचकहो, मोठ्या धरणावर निदान कोणाची तरी नजर असते. तेथे कर्मचारी असतात, पाण्याची पातळी लिहिली जाते, दारे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सूचना जाते. आपल्या शिवारात, बालाघाटच्या उतारावर, ओढ्या-ओढ्यांवर जे पाझर तलाव, गावतलाव, साठवण तलाव आणि कोल्हापुरी बंधारे आहेत त्यांचे काय? त्यांना दारे नाहीत, रात्रपाळीचा माणूस नाही, भोंगा नाही. एक मातीची पाळू, एका बाजूला सांडवा आणि खाली वस्ती, एवढाच त्यांचा संसार.

या तलावांपैकी कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामावर झाले. ते कोणी बांधले हे वेगळे सांगायला नको. आपल्या आयांनी, आज्यांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या, खडी फोडली, तान्ही लेकरे बाभळीच्या सावलीला झोळीत टाकून माती ओढली. त्या घामातून उभ्या राहिलेल्या पाळूंचे वय आज पन्नाशीच्या घरात आहे. माणसाचे पन्नाशीत रक्तदाब तपासतात, साखर तपासतात. पाळूची तपासणी कोण करते?

कायदा कोठे थांबतो

केंद्र सरकारने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. चांगला कायदा आहे. त्यात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आहे, आणीबाणीचा आराखडा आहे, जबाबदारी नेमून दिली आहे. परंतु तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्यात येतात, तीही काही अटी पूर्ण केल्या तरच. म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर वगैरे असेल तर. गावाच्या वरचा सहा-सात मीटर उंचीचा पाझर तलाव या कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. त्याच्यासाठी विभागाची नेहमीची परिपत्रके आहेत आणि ती किती पाळली जातात हे पाळूवर वाढलेल्या वेड्या बाभळीच सांगतात.

त्यात मालकीचा घोळ. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे जलसंधारण विभागाकडे, आणखी मोठे जलसंपदा विभागाकडे. ही वाटणी सिंचनक्षेत्राच्या हेक्टरांवर ठरते. एकाच ओढ्यावर वरचा तलाव एका खात्याचा, मधला बंधारा दुसऱ्याचा आणि खालचा पूल तिसऱ्याचा. पाणी मात्र खाते बघून वाहत नाही. मी स्वतः कारकून आहे, कागद कसा फिरतो ते मला ठाऊक आहे. एका कार्यालयात आमच्या ओढ्यावरील सर्व तलावांची एकत्र यादी मागितली. 'आमच्याकडे फक्त आमचे तलाव आहेत,' असे उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते, आणि खरी भीती तीच आहे. प्रत्येकाकडे आपापले तलाव आहेत, संपूर्ण ओढा कोणाकडेच नाही.

पाण्याचा जमाखर्च

पुराचा धोका मोजणे हे फक्त इंजिनिअरचे काम आहे असा आपला समज आहे. बारकाईचे काम त्यांचेच आहे, यात शंका नाही. परंतु मूळ हिशेब जमाखर्चाचा आहे आणि तो सातवी-आठवीतल्या मुलालाही समजेल. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून, पेन्सिल घेऊन तो करावा, म्हणून येथे मांडतो.

समजा, एका तलावाच्या वर पाच चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे. म्हणजे तेवढ्या जमिनीवर पडलेला पाऊस उतरत उतरत याच तलावात येतो. समजा, १०० मिलिमीटर पाऊस पडला. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. पाच चौरस किलोमीटरवर पाच लाख. त्यातले निम्मे जमिनीत मुरले, खाचखळग्यात अडले, असे धरू. उरले अडीच लाख घनमीटर.

हे पाणी जर चोवीस तासांत सावकाश आले तर सेकंदाला सरासरी तीन घनमीटरही होत नाही. सांडवा हसत हसत काढून देईल. पण तेच पाणी तीन तासांत आले तर? सेकंदाला २३ घनमीटर. पाऊस तेवढाच, आकडा तोच, पण लोंढा आठपट. म्हणून 'आज किती मिलिमीटर झाला' एवढे विचारून भागत नाही, 'किती वेळात झाला' हे विचारले पाहिजे. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की सरकारी दप्तरात अतिवृष्टीची नोंद होते. त्या नोंदीवर नुकसानभरपाई ठरते, परंतु तलावाचा जीव त्या आकड्यावर ठरत नाही. शिवाय पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो. ढग मात्र पाच कोसांवरच्या डोंगरावर फुटतो. आपल्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरची. त्यातला मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत कोसळतो हे आपण दरवर्षी बघतोच.

आता खर्चाची बाजू. सांडवा ६५ फूट रुंद आहे असे धरू. २३ घनमीटरचा लोंढा काढून द्यायला सांडव्यावरून सुमारे अडीच फूट जाडीचे पाणी वाहावे लागते. सांडव्याच्या माथ्यापासून पाळूचा माथा पाच फूट उंच ठेवलेला होता. पाचातून अडीच गेले, अडीच फूट शिल्लक. हिशेब जमला.

पण पन्नास वर्षांत पाळू खचली. बैलगाड्या, ट्रॅक्टर त्यावरून गेले, कोणी घर सारवायला माती नेली. एक फूट गेला. त्यात कोणी शेतकऱ्याने, चार दिवस पाणी जास्त टिकावे म्हणून, सांडव्यावर दगड आणि मातीची पोती रचून दीड फूट उंची वाढविली. अडीचातून एक गेला, दीड गेला, बाकी शून्य. आणि मी जो २३ चा आकडा घेतला तो सरासरी आहे, लोंढ्याचे शिखर त्याहून मोठे असते. म्हणजे पाणी पाळूवरून वाहणार. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो बहुधा सोसतो. मातीच्या पाळूवरून गेले की ती कापली जाते. आधी पन्हाळीएवढी चीर, मग घळ, आणि तासा-दोन तासांत तलाव रिकामा.

त्या सांडव्यावर दगड रचणाऱ्याला मी खलनायक म्हणत नाही. पाण्याविना त्याचे पीक करपते. परंतु त्याच्या दीड फुटाचे व्याज खालच्या वस्तीला भरावे लागते, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

आणखी एक शब्द आपण ऐकतो, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. लहान धरणांचे सांडवे साधारण अशा पुराला पुरावेत असे भारतीय मानक सांगते. लोकांना वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. तसे नाही. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी शंभरात एक शक्यता आहे. ही शक्यता चक्रवाढीसारखी साठत जाते. तीस वर्षांत तसा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात २६, पन्नास वर्षांत जवळजवळ ४०. आता घरकुल बांधणाऱ्या माणसाने त्या घरात पन्नास वर्षे राहायचे धरले असेल, तर हा जुगार फार मोठा झाला. हा हिशेबही जुन्या पावसाच्या नोंदींवरचा आहे. पावसाची चाल तर आता बदलते आहे.

एक फुटला की दुसरा

आतापर्यंत आपण एकाच तलावाचा विचार केला. ओढ्यावर तलाव माळेसारखे असतात. वरच्या तलावात एक लाख घनमीटर पाणी आहे आणि तो फुटून अर्ध्या तासात रिकामा झाला, तर खालच्या तलावात सेकंदाला सरासरी ५५ घनमीटरचा लोंढा येतो. ज्याची ऐपत २३ ची आहे त्याने ५५ कसे पेलायचे? शिवाय पावसाचे पाणी चालूच आहे, ते वेगळे. खालचा तलाव कितीही मजबूत बांधला असला तरी तो वरच्याच्या मरणाने मरतो.

हे कल्पनेचे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळ पानशेतचे अर्धवट बांधलेले मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्यावर आले. खडकवासल्याचे दगडी धरण इंग्रजांच्या काळातले, तोपर्यंत भक्कम उभे होते. तेही त्याच दिवशी फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. चीनमध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये वादळी पावसात बानछियाओ धरणासह ६२ लहानमोठी धरणे एकापाठोपाठ फुटली. हजारो माणसे गेली. त्या ६२ मध्ये लहान धरणेच अधिक होती.

आणि लहान धरण एकट्यानेही पुरेसे मारते. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतली घरे झोपेच्या वेळी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरण जुनेपुराणे नव्हते, विसाएक वर्षांचे होते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर त्या वेळचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचे सांगितले आणि सारा महाराष्ट्र संतापला. खेकडे, उंदीर, घुशी मातीत बिळे करतात हे खरे आहे. त्या बिळातून पाणी वाट काढते, माती ओढून नेते आणि पाळू आतून पोखरते, हेही खरे आहे. म्हणूनच तर दरवर्षी पाळू तपासायची असते! खेकडा हे तपासणी न केल्याचे कारण होऊ शकत नाही.

आपल्या बीड शहरानेही २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेचा पूर पाहिला आहे. एरवी पोरे जिच्या पात्रात क्रिकेट खेळतात ती नदी. त्या पुरात माणसे गेली, संसार गेले. लहान नदी, लहान तलाव, लहान ओढा, यांना लहान समजण्याची सवय आपल्याला महागात पडते.

संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवायला नको. दामोदर नदीला १९४३ साली मोठा पूर आला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज ही कामे त्यांच्या खात्याकडे होती. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी बंगाल आणि बिहार सरकारांना एकत्र बसविले. एका प्रांतापुरता नव्हे, एका धरणापुरता नव्हे, तर सबंध दामोदर खोऱ्याचा एकत्र आराखडा, हा त्या कामाचा पाया होता. आजचा केंद्रीय जल आयोगही त्याच काळात, १९४५ साली, सुरू झाला. नदी दोन प्रांतांतून वाहते म्हणून कोणी हात झटकू नये, हे तेव्हा कळले होते. आता एक ओढा तीन खात्यांतून वाहतो.

लाभक्षेत्र आणि वाटेतले क्षेत्र

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रत्येक तलावाच्या दप्तरात 'लाभक्षेत्र' नावाची गोष्ट असते. किती हेक्टर भिजते, कोणत्या गटातली जमीन, खातेदार कोण, सगळे लिहिलेले असते. तलाव फुटला तर पाणी कोणत्या वाटेने जाईल, त्या वाटेत किती घरे, किती माणसे, याचे दप्तर लहान तलावाला नसते. ज्याला जमीन आहे त्याचे नाव कागदावर आहे. ज्याला जमीन नाही, पण ज्याचे घर ओढ्याकाठी आहे, त्याचे नाव कोठेच नाही.

आणि ओढ्याकाठी कोण राहते? अनेक गावांत आपली वस्ती, मातंग बांधवांची वस्ती, पारधी आणि वडार कुटुंबे गावाच्या कडेला, सखल जागी, ओढ्याच्या अंगाला किंवा गायरानावर आहेत. ती जागा आपण हौसेने निवडलेली नाही, ती वाट्याला आली. नवी घरकुलेही तेथेच होतात, कारण आठ अ चा उतारा तेथलाच असतो. म्हणून तलावाचा धोका पाळूच्या उंचीवरून ठरवू नये, तिच्या खाली किती चुली पेटतात यावरून ठरवावा. पंधरा मीटरचे धरण माळरानावर फुटले तर पीक जाईल. सहा मीटरची पाळू वस्तीच्या डोक्यावर रात्री दोन वाजता फुटली तर माणसे जातील.

यात ऊसतोडीचा हिशेबही मिळवा. आपली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. पावसाळ्यानंतर पाळूची तपासणी झालीच, तर त्या वेळी वस्तीत म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरलेली असतात. उलट मराठवाड्यातला मोठा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात येतो, आणि तेव्हा वस्ती भरलेली असते. म्हणून आपल्यासाठी कामाचा महिना मे. सगळे घरी असतात, तलाव आटलेला असतो, पाळूचा तळ दिसतो.

ओढ्याने वर चालत जा

मे महिन्यात एका सकाळी दहा-बारा जणांनी, त्यात बायका आणि तरुण पोरेही असावीत, वस्तीपासून निघून ओढ्याने वर वर चालत जावे. शेवटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या तलावापर्यंत. बायकांना मुद्दाम सोबत घ्यावे, कारण धुण्याला, सरपणाला त्याच तेथे जातात. पाणी कोठे झिरपते हे त्यांना पुरुषांपेक्षा आधी दिसते. वहीत लिहीत जावे. प्रत्येक तलावाचा सांडवा मोकळा आहे की त्यावर दगड, झुडपे, कोणाचे पीक आहे. सांडव्याचे पाणी पुढे जाण्याची चर बुजली आहे काय. पाळूचा माथा सगळीकडे सारखा आहे की मध्ये खळगा आहे. पाणी तेथूनच आधी वाहणार. पाळूवर भेगा असतील तर त्या आडव्या आहेत की लांबच्या लांब. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते हे खरे, पण हात जाईल अशी भेग नुसती उन्हाची म्हणून सोडून देऊ नये. मोठी झाडे आहेत काय; त्यांची मुळे कुजली की आत नळी तयार होते. बिळे किती. दगडी पिचिंग कोणी उचलून नेले आहे काय. गाळ काढताना जेसीबीने पाळूच्या पायथ्याशीच खड्डा केला आहे काय. गाळ काढणे चांगले, शेताला खत होते, पण पायथा खणला तर भिंतीचा पाय काढल्यासारखे होते.

पाऊस सुरू झाल्यावर पाळूच्या बाहेरच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी बघावे. ते काचेसारखे स्वच्छ असेल तर पाझर तलावाला पाझर असणारच. तेच गढूळ येऊ लागले तर समजावे की पाण्याबरोबर पाळूची माती बाहेर येत आहे. ही सर्वांत वाईट खूण. अशा वेळी तपासणीची वाट न बघता वस्ती हलवावी.

या वहीची स्वच्छ नक्कल करून १ मेच्या ग्रामसभेत द्यावी, ठरावात नोंद करून घ्यावी आणि ठरावाची प्रत तहसीलदार व संबंधित खात्याला देऊन पोच घ्यावी. १ मेपूर्वी फेरी जमली नाही तर वही थेट तहसीलमध्ये द्यावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यात गोलगोल विचारू नये. तलावाचे पाणलोट क्षेत्र किती, सांडव्याची लांबी किती, तो किती पुरासाठी आखला होता, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि तिच्या अहवालाची प्रत, एवढेच मागावे. हे आकडे हाती आले की वरचा जमाखर्च आपल्या तलावासाठी कोणीही मांडू शकेल. सांडवा मोकळा करण्यासारखे काम ग्रामपंचायत खात्याला कळवून चार दिवसांत करू शकते, त्याला कोटीचे अंदाजपत्रक लागत नाही. भेगा आणि गळती मात्र खात्याच्या इंजिनिअरनेच बघावी. कोणी उत्साहाने गळतीच्या तोंडावर मातीचा ढीग टाकून ते बुजवू नये. पाणी दुसरीकडून तोंड काढते.

राहिला रात्रीचा प्रश्न. सलग दोन-तीन तास धो धो पाऊस झाला की वरच्या तलावाकडे कोण बॅटरी घेऊन जाऊन दुरून बघणार, हे आधी ठरलेले असावे. एकटा नको, दोघे. वरच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन नंबर वस्तीतल्या चार घरांत भिंतीवर लिहिलेला असावा, कारण पाणी आधी त्याला दिसते. बुद्धविहाराचा किंवा समाजमंदिराचा भोंगा त्या रात्री वाजला तर त्याचा अर्थ एकच, उंचावरच्या शाळेकडे निघायचे, हे पोरांनाही माहीत असावे. वीज जाणार हे गृहीत धरून थाळी वाजविण्याचीही तयारी ठेवावी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. रेशनकार्ड, जातीचे दाखले, पोरांच्या गुणपत्रिका, बँकेचे पासबुक हे सर्व एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला, जून ते ऑक्टोबर. म्हातारी आई, बाळंतीण, अपंग माणूस ज्या घरात आहे त्या घराला दोन तरुणांची नावे नेमून द्यावीत, आणि ती नावे त्या आईला तोंडपाठ असावीत.